वयाची खात्री

सोमवारच्या बैठकीत संपादिकेनं त्याच्या मजकुरातली एक ओळ मोठ्यानं वाचली, तोवर त्या ओळीत हसण्यासारखं काही आहे याचा त्याला पत्ताही नव्हता. एका नटानं नवं घर घेतलं होतं, त्याच्यावर चार पानं फोटो होते. गच्चीच्या कठड्याला टेकून नट, पाठीशी समुद्र, पायांमागं दोन कुत्रे, आणि आणखी जरा मागं, वाऱ्यानं उडणारे केस आवरत उभी असलेली बायको. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं : 'त्यांच्या मागे समुद्र, दोन कुत्रे व पत्नी असा परिवार आहे.' संपादिकेनं ओळ एकदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. टेबलाभोवती अकरा माणसं होती. मग कोणाच्या तरी नाकातून आवाज निघाला, आणि त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेचना. सौंदर्यविभागातली मुलगी डोळ्यांतलं काजळ सांभाळत बाहेर पळाली. तोही हसला. सगळे हसत असताना आपणही हसावं, एवढं व्यवहारज्ञान त्याला होतं. पण आतून तो पार हबकला होता, कारण त्यानं विनोद केलाच नव्हता. नटाच्या मागं काय काय आहे ते त्यानं नीट पाहिलं, क्रम लावला, आणि हात आपोआप चालत गेला. एवढ्या वर्षांची सवय हातात राहते, डोक्याला ती विचारत नाही, आणि उद्या हाच हात आणखी काय लिहून ठेवेल याचा नेम नव्हता.

एकोणीस वर्षं त्यानं एका दैनिकात निधन वार्ता लिहिल्या होत्या. रोज आठ-दहा माणसं, प्रत्येकाला सहा ओळी, मोठा माणूस असला तर कॉलम. वृद्धापकाळानं, अल्पशा आजारानं, हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं. सगळे मनमिळाऊ, निम्मे धार्मिक वृत्तीचे, आणि ज्यांच्याबद्दल घरच्यांनाही काही आठवत नसे ते शिस्तप्रिय. हसत कोणी त्याच्या टेबलाशी यायचं नाही, त्यामुळे तो भाग वर्तमानपत्रातला सगळ्यात शांत होता आणि त्याला तो फार आवडायचा. मग दैनिक बंद पडलं. शेवटच्या अंकात त्यानं नेहमीसारखी नऊ जणांची नोंद घेतली. दहावं दैनिकच होतं, पण त्याची नोंद कोणी घेतली नाही. पन्नाशीला आलेल्या आणि फक्त मेलेल्यांवर लिहिता येणाऱ्या माणसाला कोण विचारणार, म्हणून तो पाच महिने घरात बसून होता. अशात ही संपादिका भेटली. ती कॉलेजातून निघाल्यावर सहा महिने त्याच्या हाताखाली शिकली होती आणि त्याला 'सर' म्हणायची. आता ती नटनट्यांवरच्या देखण्या, गुळगुळीत मासिकाची संपादिका होती. शुद्धलेखन जाणणारं एकही माणूस तिच्याकडं उरलं नव्हतं. तीन महिने बघू, ती म्हणाली. जमलं तर राहा. त्या तीन महिन्यांतले सात आठवडे संपले होते, आणि त्या सोमवारपासून ऑफिसात त्याचं नाव 'शोकसभा' पडलं.

जमत नव्हतं. सुरुवात हाक मारण्यापासूनच होती. पूर्वीच्या सवयीनं तिला 'अगं' म्हणता येईना, आणि 'अहो' म्हणायला जीभ वळेना. बाकीचे 'मॅडम' म्हणायचे, ते तर त्याच्या तोंडून निघता निघता खोकल्यात विरून जायचं. म्हणून त्यानं तिच्याशी बोलताना कर्ताच काढून टाकला होता. 'मजकूर पाठवला गेला आहे.' 'चहा घेतला जाईल का?' तिला वाटे हा माणूस फार औपचारिक आहे. खुर्च्या पारदर्शक होत्या. बसताना दर वेळी आपण हवेत बसतोय असं वाटून तो आधी हातानं चाचपून बघायचा. टेबलाटेबलावर क्रीमच्या डब्या, भिंतीला आरसे, आणि त्या आरशांत दिवसातून चाळीस वेळा खिशाला दोन पेनं लावलेला एक ओळखीचा माणूस भेटायचा, त्याला बघून तो दर वेळी किंचित बाजूला व्हायचा. इथं सगळे नामांकित लोकांना घरातल्या नावानं ओळखत. 'बेबी रुसलीय' असं कोणी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं पाळणा यायचा, आणि बेबी निघायची दोन घटस्फोट झालेली नायिका. घटस्फोट हा शब्दही चालत नसे. 'वेगळ्या वाटा' म्हणायचं. माणसं इथं बोलत नसत, मन मोकळं करत. म्हातारी होत नसत, अधिकाधिक खुलत जात. आणि मरत तर कोणीच नसे. इतक्या जिवंत माणसांची त्याला सवय नव्हती. बैठकीत कंटाळा आला की तो नकळत समोरच्याच्या सहा ओळी जुळवू लागे. कलाविभागप्रमुख, मितभाषी, दाढीचे शौकीन. सौंदर्यविभाग, सर्वांच्या लाडक्या, अकाली. मग दचकून तो मनातल्या मनात सगळ्यांना आयुष्य चिंतून टाकायचा.

पण खरा घोळ होता वयाचा. मासिकात कोणाचंही वय छापत नसत, छापलं तर त्याच्यापुढं 'जेमतेम' असायचं. आणि त्याच्या जुन्या कामात तर वय म्हणजे सगळं. नाव चुकलं तर लोक समजून घेतात, मुलांचा क्रम चुकला तर फक्त मुलं भांडतात. वय चुकलं की माणूसच दुसरा होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यानं एका निवृत्त मुख्याध्यापकांचं वय शहात्तरऐवजी सदुसष्ट छापलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको ऑफिसात आली. बाई रडली नाही, रागावलीही नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "नऊ वर्षं कमी केलीत तुम्ही. मग ती मी कोणाबरोबर काढली?" तेव्हापासून तो प्रत्येक वय दोन माणसांना वेगवेगळं विचारून घ्यायचा, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर वयाची जागा कोरी सोडायचा. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं पहिल्या दिवशी हे शिकवलं होतं, संपादिकेलासुद्धा.

ऑफिसात जमत नव्हतं, घरी मात्र उलटंच घडलं. सासरे गेल्यापासून सासूबाई त्यांच्याकडंच राहायला होत्या, आणि जावई काय करतात असं कोणी विचारलं की 'वर्तमानपत्रात असतात' एवढं म्हणून त्या विषय बदलत. सासऱ्यांवरच्या ओळी त्यानं जीव ओतून लिहिल्या होत्या. त्या वाचून सासूबाई म्हणाल्या होत्या की मनमिळाऊ कशाला लिहिलंत, लोक हसतील. पण मासिकातल्या नोकरीची बातमी कळली त्या दिवशी त्यांनी आपणहून त्याच्या हातात चहाचा कप दिला. मासिकाचे बावीस वर्षांचे अंक त्यांच्या पलंगाखाली होते. आता रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी अर्धा तास त्या त्याची शिकवणी घेत. फोटोखालचं नाव तळव्यानं झाकून विचारायच्या, "ही कोण?" तो म्हणायचा, "नायिका." "ते दिसतंय हो मला. कोण?" तो चष्मा वर-खाली करून बघायचा. हनुवट्या सगळ्यांच्या सारख्याच होत्या. मग सासूबाई सुस्कारा टाकून सांगायच्या, हिनं हिच्या नवऱ्याशी लग्न केलं, आणि तो हिच्या आधी तिच्या बहिणीचा होता. आणि ते ऐकताना त्याचा हात वारसांचा तक्ता काढू लागे. बायको पोळ्यांचा डबा भरता भरता दोघांकडं बघून गालात हसायची. एकोणीस वर्षांत ह्या दोघांमध्ये तिनं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं.

दहाव्या आठवड्यात मासिकाच्या मुलाखतकार बाईंची अक्कलदाढ सुजली, आणि तीही नेमकी अशा दिवशी की संपादिकेनं भिंतीकडं तोंड करून दोन मिनिटं डोळे मिटून घेतले. अकरा वर्षांनी पडद्यावर परत येणाऱ्या थोरल्या नायिकेनं त्या दुपारी वेळ दिली होती. थोरली म्हणजे सगळ्यांतली मोठी. सासूबाईंच्या पलंगाखालच्या अंकांतल्या निम्म्यांवर तिचाच चेहरा होता, एवढी एक हनुवटी त्याला ओळखता येत होती. संपादिकेनं सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि ती फिरून फिरून त्याच्यावर येऊन थांबली. त्याला आत बोलावून तिनं नऊ प्रश्नांचा कागद दिला. एवढेच विचारायचे, ह्याच क्रमानं. पहिल्या नवऱ्याबद्दल नाही, धाकट्या बहिणीबद्दल नाही, आणि वयाबद्दल तर मुळीच नाही. मग ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "विचारायचं नाही. पण तिनं आपणहून सांगितलं, तर कान झाकायचेही नाहीत. तीस वर्षं सगळे त्या एका आकड्यामागं आहेत. तो आपल्याकडं असला तर मुखपृष्ठ त्याचंच." आणि तिसाव्या तारखेला तुमचे तीन महिने होतात, हेही तिनं जाता जाता सांगितलं, म्हणजे आठवण राहावी म्हणून.

नायिकेच्या दिवाणखान्यात सगळं पांढरं होतं. सोफ्यावर बसल्याबरोबर तो इतका खोल गेला की गुडघे छातीशी आले आणि वही ठेवायला जागाच उरली नाही. बरोबर आलेला फोटोग्राफर, कामापुरतं बोलणारा धिप्पाड गृहस्थ, उजेड मापायला काचेच्या दारापलीकडं गच्चीत निघून गेला. प्रसिद्धी सांभाळणारी एक मुलगी घड्याळ समोर ठेवून बसली होती. चाळीस मिनिटं, ती म्हणाली. नायिका आली तेव्हा तो उठायला गेला, पण सोफ्यानं त्याला सोडलं नाही, म्हणून त्यानं बसल्या जागीच अर्धवट नमस्कार केला. तिनं बहुधा तो पाहिलाच नाही. त्यानं पहिला प्रश्न वाचला, आपल्या सौंदर्याचं रहस्य काय. भरपूर पाणी आणि समाधान, ती म्हणाली. त्यानं 'पाणी, समाधान' लिहून घेतलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघत देत होती, तिसऱ्याचं बांगडी फिरवत. उत्तरं इतकी घासून गुळगुळीत झाली होती की ऐकताना त्याच्या हातून निसटत होती. तिला मध्ये कुठं थांबवावं, खोदून विचारावं, हसवावं, हे त्याला सुचेना. अक्कलदाढवाल्या बाईंना ते येत असे. अकराव्या मिनिटाला नववा प्रश्न संपला. त्याच सुमाराला प्रसिद्धीवाल्या मुलीचा फोन वाजला, आणि ती 'एक मिनिट' असं ओठांनीच म्हणून आतल्या खोलीत गेली.

आता काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं जे येत होतं ते केलं. तो गप्प बसला. फोनवर रडणाऱ्या, दारात उभ्या राहिलेल्या, हातात मृताचा फोटो घेऊन आलेल्या माणसांसमोर तो वर्षानुवर्षं असाच बसला होता. कागद आवरायचा नाही, घड्याळाकडं बघायचं नाही, घसा खाकरायचा नाही. माणूस जेव्हा बोलेल तेव्हा बोलेल. कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती. नायिकेनं वाट पाहिली, मग पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. चेहऱ्याकडं, खिशातल्या पेनांकडं, छातीशी आलेल्या गुडघ्यांकडं. पुढचा प्रश्न, ती म्हणाली. संपले, तो म्हणाला. एवढं सरळ उत्तर तिला बऱ्याच दिवसांत कोणी दिलं नसावं. तुम्ही ह्या मासिकातले दिसत नाही, आधी कुठं होतात, तिनं विचारलं, आणि त्यानं सांगितलं. "निधन वार्ता? रोज?" "रविवारीसुद्धा." ती हसली. ते फोटोतलं हसू नव्हतं. त्यात एक बाजूचा दात आत वळलेला दिसला, आणि गच्चीतल्या फोटोग्राफरनं घाईघाईनं कॅमेरा वर केला, पण तोवर ते गेलं होतं. मग ती पुढं झुकून, कोणी ऐकणार नाही अशा बेतानं हळू म्हणाली, "मोठ्या लोकांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात म्हणे. माझा असेल ना तयार?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. हो, तो म्हणाला. सात वर्षांपूर्वी ती 'थकवा' म्हणून इस्पितळात गेली होती, तेव्हा संध्याकाळपर्यंत मृत्युलेख तयार ठेवायचा निरोप आला होता. त्यानंच लिहिला होता. किती मोठा, तिनं विचारलं. दोन कॉलम, एक फोटो. "दोनच?" तिचा आवाज खरोखर दुखावला होता. आधी तीन होते, त्यानं घाईनं सांगितलं, पण गाद्यांची जाहिरात आली. ती थोडा वेळ त्या गाद्यांचा विचार करत राहिली. मग म्हणाली, वाचून दाखवा. कागद जवळ नव्हता, कागदाची गरजही नव्हती. इतक्या वर्षांत त्याला स्वतःला आवडलेले जे चार-पाच मजकूर होते त्यांतला हा एक, आणि तो छापून आला नाही याची त्याला अधूनमधून चुटपुट लागून राहिलेली होती. आणि मग त्याचं त्यालाच शरमल्यासारखं व्हायचं. तो म्हणू लागला. तिनं डोळे मिटले, उशीला डोकं टेकलं आणि दोन्ही हात छातीवर घेतले, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. पण लगेच तिनं एक बोट वर केलं. 'अभिनयसंपन्न' काढा, ती म्हणाली, मला कधीच धड रडता आलं नाही. तिसरा सिनेमा पडला नव्हता, चार आठवडे चालला होता, लिहून घ्या. प्रदीर्घ आजार नको, मी झोपेत जाणार आहे. ते तेव्हा बघावं लागेल, तो म्हणाला. बघा मग तुम्ही, ती म्हणाली. 'त्यांच्या मागे' इथं आल्यावर तो अडखळला. तिथं काय लिहिलंय, तिनं डोळे न उघडताच विचारलं. एक बहीण. नायिका म्हणाली की बावीस वर्षं तिचे केस विंचरणारी बाई अजून तिच्याकडंच आहे, भांडते फार, पण तिचं नाव बहिणीच्या आधी घाला.

"आणि वय?" ती म्हणाली. "वय तुम्ही म्हटलंच नाही."

तिथं जागा सोडली आहे, त्यानं सांगितलं. दोघांना विचारलं होतं, बहिणीला आणि एका जुन्या निर्मात्याला. दोन आकडे आले. सहा वर्षांचा फरक होता, खात्री होऊ शकली नाही. तिनं डोळे उघडले. दोन्ही चूक, ती म्हणाली, आणि उठून बसली. पंधरा पुरी झाल्याशिवाय काम मिळत नव्हतं, म्हणून वडिलांनी तीन वाढवली. नाव झाल्यावर निर्मात्यानं पाच काढली. मग पहिल्या नवऱ्यानं स्वतःची दोन काढली म्हणून तिलाही दोन काढावी लागली, आणि तेवढ्यात धाकट्या बहिणीनंही कामं घ्यायला सुरुवात करून आपली भराभर कमी केली. एक वर्ष तर असं आलं की धाकटीवर कडी करायच्या नादात मोठीच तिच्याहून लहान ठरली आणि घरात आठ दिवस अबोला होता. ती बोटं दुमडून वजाबाकी करत होती, मध्येच एक बोट परत उघडत होती, आणि तो सोफ्याच्या खड्ड्यातून मान उंच करून मनात बेरीज जुळवत होता, कारण हातचा धरायचा की नाही ते त्यालाही समजेना. शेवटी दोघांचं उत्तर एकच आलं. ते तिनं मोठ्यानं म्हटलं. नवा शब्द उच्चारून बघावा तसं आणखी एकदा म्हटलं. आई होती तोवर ती बरोबर आकडा सांगायची, ती म्हणाली. आई गेल्यावर हा आकडा कोणी तोंडानं काढलाच नाही. अमुक वर्षांची मी आहे, हे जगात कोणाला माहीतच नाही असं झालं. मग तिनं त्याच्या वहीवर बोट ठेवलं. "तेव्हा छापा. खरं छापा, जागा सोडू नका. पण आत्ता नाही." आतल्या खोलीतून पावलं वाजली. नायिकेनं बांगडी फिरवली, भिंतीकडं पाहिलं, आणि मुलगी आत येऊन बसली तेव्हा ती पाणी आणि समाधान यांच्याबद्दलच काही बोलत होती.

परतीच्या वाटेवर गाडीत फोटोग्राफर काही बोलला नाही, आणि ऑफिसात पोचल्यावर मात्र सरळ संपादिकेच्या खोलीत जाऊन बोलला. काचेतून त्यानं सगळं पाहिलं होतं. ऐकू काही आलं नाही, पण बाई बोटांवर मोजत होती, आणि शोकसभा ओठ हलवून मोजत होता. त्याला आत बोलावणं आलं. संपादिकेच्या टेबलावर मुखपृष्ठाचा कच्चा कागद पसरलेला होता आणि त्याच्या मधोमध मोठ्या मथळ्याएवढी जागा कोरी ठेवलेली होती. त्या जागेकडं बघताना त्याला घाम फुटला. आयुष्यभर त्यानं कोऱ्या जागांचा राग केला होता, रात्री अंथरुणात पडूनही त्या त्याला दिसायच्या, आणि ही एक भरायला लागणारा आकडा त्याच्या जिभेच्या टोकावर होता, खरा, बेरीज करून ताडून पाहिलेला. तो खाली ठेवला की तिसाव्या तारखेची भीती संपली, शोकसभा हे नाव संपलं, सासूबाईंच्या नजरेत कायमचं वजन आलं. व्यायाम मोजत होती, असं सांगावं का? सांगून पाहिलं असतं तरी त्याच्या चेहऱ्यावर खोटं पाच सेकंदही टिकलं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि समोर बसलेलीलाही. "आकडा सांगितला तिनं?" संपादिकेनं विचारलं. त्यानं तोंड उघडलं, आणि दहा आठवडे जपून आवळून धरलेली हाक फटकन सुटली.

"अगं, सांगितला. पण एकाच माणसाकडून कळलाय. खात्री नाही."

अगं. त्यालाही ते ऐकू आलं होतं. संपादिका म्हणाली की ती बाई स्वतः सांगतेय, तिच्या वर आणखी कोणाची खात्री पाहिजे. त्यावर त्यानं अगदी मनापासून, काही शिकवावं तसं सांगितलं की स्वतःच्या वयाबाबत माणसासारखा बेभरवशाचा साक्षीदार नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसरं कोणी सापडेपर्यंत जागा कोरी ठेवावी लागते. दुसरं कोणी आहे का, तिनं विचारलं. होतं, तो म्हणाला, तिची आई. संपादिका त्याच्याकडं बघत राहिली. ती आता हसेल की हाकलून देईल याचा त्याला अंदाज येईना. आरशांच्या त्या इमारतीत चेहरे वाचायला तो शिकलाच नव्हता. शेवटी तिनं कच्चा कागद गुंडाळला, कोपऱ्यात फेकला, आणि मजकूर उद्या अकरापर्यंत द्या सर, म्हणाली. 'सर' तिच्या तोंडून निघून गेलं हे तिच्या ध्यानात नंतर आलं, आणि ती चिडून फोनकडं वळली.

मजकूर त्यानं लिहिला. सकाळी सातला बसला, अकराला उठला. पाणी होतं, समाधान होतं, चार आठवडे चाललेला तिसरा सिनेमा होता, केस विंचरणारी भांडखोर बाई होती, आणि आत वळलेला दात. संपादिकेनं दात काढला, बाकी ठेवलं. मुखपृष्ठावर नेहमीचाच फोटो गेला. अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी थोरल्या नायिकेचा फोन आला की यापुढं बोलायचं झालं तर त्याच गृहस्थांशी, दुसरं कोणी पाठवू नका. तिनं आपल्या वर्तुळात काय सांगितलं कोण जाणे, पण त्याच आठवड्यात नव्या घराच्या त्या नटानं आडून आडून चौकशी केली, आपलाही काही मजकूर तयार आहे का, आणि असलाच तर किती कॉलम. मग बेबीनं. मग एका खलनायकानं, ज्याला फक्त एवढंच पाहिजे होतं की मनमिळाऊ हा शब्द आहे ना. सगळे यादीतले प्रश्न पाच मिनिटांत उरकायचे, दार लावून घ्यायचे, आणि डोळे मिटून ऐकायचे. कुठं काय खोडायचं ते सांगता सांगता असं काही बोलून जायचे की अक्कलदाढवाल्या बाईंना वीस वर्षांत कधी मिळालं नव्हतं. त्यातलं छापण्याजोगं तो छापायचा. तिसावी तारीख आली आणि गेली, कोणी काही म्हटलं नाही. शोकसभा हे नाव काही गेलं नाही, उलट आता ते बाहेरचे लोकही फोनवर अदबीनं घेऊ लागले. शोकसभासाहेब आहेत का?

अंक घरी आला त्या रविवारी दुपारी बायको आत कपड्यांच्या घड्या करत होती. सासूबाई खिडकीपाशी खुर्ची ओढून भिंगातून मुलाखत वाचत होत्या, आणि तो समोर बसून संत्रं सोलत होता. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, मागं जाऊन पुन्हा एक परिच्छेद वाचला आणि भिंग मिटलं. पाणी आणि समाधान हे ती तीस वर्षं सांगतेय, त्या म्हणाल्या, पण ती केस विंचरणारी चांगली लिहिलीत. त्याला इतकं बरं वाटलं की संत्र्याची साल अर्धवटच राहिली. मग त्या खुर्ची जराशी पुढं घेऊन, आतल्या खोलीकडं एक नजर टाकून म्हणाल्या, "खरं वय किती हो तिचं?" त्यानं फोडींवरचे धागे काढले. मी कोणाला सांगायला जाणार आहे, त्या म्हणाल्या, माझ्या मैत्रिणी तरी आता किती उरल्यात. त्यानं त्यांना दोन फोडी दिल्या. इतकी वर्षं ह्या बाईंनी आपल्याला काही विचारावं म्हणून तो वाट बघत आला होता, आणि आज त्या विचारत होत्या, तर त्याला मान खाली घालून संत्र्याकडं बघावं लागत होतं. सासूबाईंनी एक फोड खाल्ली. बी काढून तळहातावर ठेवली. मासिक मांडीवर उघडंच होतं आणि त्या त्या चेहऱ्याकडं बघत होत्या.

"मी यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होते," त्या म्हणाल्या.

'यांच्यापेक्षा' म्हणजे सासरे, हे कळायला त्याला एक क्षण लागला. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी चार कमी सांगितली, त्या म्हणाल्या, पुढं सांगू सांगू म्हणताना राहून गेलं. मग मुलं झाली. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी पंच्याहत्तरीचा केवढा थाट केलात, केक कापताना मनात म्हटलं, चार वर्षं उशीर झाला. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसतायत हे त्याला जरा उशिरा समजलं, कारण त्या आवाज न करता हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या. तोही हसू लागला. हिला नका सांगू, त्या पुटपुटल्या. इतक्यात बायको घड्यांचा गठ्ठा घेऊन दारात आली आणि दोघांकडं आळीपाळीनं बघत, काय चाललंय एवढं, असं तिनं विचारलं. सासूबाईंनी मासिकाचं पान शांतपणे उलटलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "कामाचं बोलत होतो."